फुलामुलांचे कवी आणि साताऱ्यातला दरबार

मिरजेतल्या मिशनचा विषय निघाला की बोलणे दवाखान्यावर येते. कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली तो उभा केला, आणि पाहता पाहता मिरज हे दूरदूरच्या रोग्यांचे ठिकाण झाले. त्या कामामागे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा पैसा होता, माणसे होती, शिस्त होती. मिरजेच्या उत्तरेला, साताऱ्यात, १९१७ साली एक ख्रिस्ती मराठी कवी येऊन राहिले ते मात्र मिशनचा पगार सोडून. वय पंचावन्न, पाठीशी संसार आणि हाताशी शिल्लक अशी काही नाही. हे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

शाळेच्या पुस्तकातून महाराष्ट्राला ते ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ठाऊक आहेत. ‘केवढे हे क्रौर्य!’ ही त्यांची कविता पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी पाठ केली. शिकाऱ्याच्या हातून घायाळ झालेली पक्षीण पिलांसाठी घरट्याकडे जाते आणि तिथेच प्राण सोडते, एवढीच तिची कथा. ती म्हणताना मुलांचा गळा दाटून येई. कवीचा धर्म कोणता, हे त्यांतल्या बहुतेकांना माहीतही नसे. तो मात्र टिळकांच्या आयुष्यातला सर्वांत महागडा सौदा होता.

त्यांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, चित्पावन ब्राह्मण घरातला. संस्कृतचा व्यासंग दांडगा, स्वभाव मनस्वी, आणि एका गावी फार दिवस पाय ठरायचा नाही. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली. बोलणे धर्माकडे वळले आणि त्या गृहस्थाने निरोप घेताना बायबलचा नवा करार हाती ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना त्याची आधी कल्पना नव्हती. पुढची काही वर्षे नवराबायको वेगळी राहिली. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला, पण तोवर दोन्हीकडच्या माणसांनी जे सोसायचे ते सोसून झाले होते.

टिळकांचा धर्म बदलला, कान बदलला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते सांगत. त्या काळच्या मराठी चर्चमध्ये इंग्रजी स्तोत्रे भाषांतरून विलायती चालींवर म्हटली जात. मराठीतले ऱ्हस्वदीर्घ त्या चालींत कुठल्या कुठे फरफटत जात असतील, हे मिरजेसारख्या तंबोऱ्यांच्या गावात वेगळे सांगायला नको. टिळकांनी अभंग, ओवी आणि कीर्तन उपासनेत आणले. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ‘उपासना संगीत’ या संग्रहात आजही त्यांची पुष्कळ पदे आहेत. ‘अभंगांजली’तला ख्रिस्त तर भक्ताची वाट पाहणाऱ्या माऊलीसारखा भेटतो, वारकऱ्याला ते नाते समजावून द्यावे लागत नाही.

ही भक्ती आणि मुलांसाठीची कविता यांना दोन कप्प्यांत ठेवण्याची अभ्यासकांची सवय आहे. ती टिळकांना लागू पडत नाही. ‘वनवासी फूल’ या दीर्घ काव्यात रानात एकट्याने उमललेल्या फुलाशी कवीचा संवाद चालतो, आणि वादाचा मुद्दा असतो एकांत बरा की जनांत जाऊन झिजणे बरे. हा प्रश्न सगळ्या भक्तिपरंपरेचा आहे. टिळकांनी तो एका रानफुलाला विचारला. फूल, पाखरू, घरातले मूल, स्वयंपाकघरात राबणारी बायको: त्यांचे विषय हाताच्या अंतरावरचे. देव शोधायला त्यांना फार लांब जावे लागले नाही, आणि कविता शोधायलाही नाही.

घरातली मुले म्हणजे केवळ पोटची मुले नव्हेत. अहमदनगरच्या त्या घरात कोण कधी राहायला येईल याचा नेम नसे. खायला काय घालायचे, हा प्रश्न अर्थात लक्ष्मीबाईंचा. टिळकांची उदारता सुंदर दिसते खरी, पण तिचा हिशेब दुसऱ्याच कोणाला तरी चुकवावा लागे, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याच्या ध्यानात आल्याशिवाय राहत नाही. याच घरात त्र्यंबक बापूजी ठोमरे राहिले, म्हणजे आपले बालकवी. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात हे कोवळे पोर पुढे आले, आणि टिळक पतिपत्नींनी त्याला मुलासारखे वागवले. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यावाचून त्या घरातली त्यांची जागा अडली नाही.

पुढे साताऱ्यात टिळकांनी मांडलेल्या ‘देवाच्या दरबारा’ची कल्पना या घराशी ताडून पाहावी. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे तिथे यावेत, एवढी मोकळीक त्यांना हवी होती. पगारी नोकर राहून असे मंडळ चालवता येणार नाही, हे त्यांनी ओळखले असावे. दवाखाना पैशांवाचून चालत नाही, हे वानलेसांना जितके पक्के ठाऊक, तितकेच टिळकांना हेही पक्के, की आपल्या भक्तीला कोणाचे आश्रितपण नको.

काळाने त्यांना फार सवड दिली नाही. ५ मे १९१८ रोजी भादलीजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय अवघे सत्तावीस. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळकांनी मुंबईत देह ठेवला आणि दरबार मांडला तसाच राहिला. जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने १९२३ साली त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले.

‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य टिळकांच्या हातून थोडेसेच झाले होते. ज्यांना त्यांनी लग्नानंतर अक्षरे गिरवायला शिकवले, त्या लक्ष्मीबाईंनी त्याचे उरलेले अध्याय लिहिले.