मामाची चिप

दिवाळीत माळा आवरताना मामाचे जुने ‘प्लेस्टेशन’ हाती लागले. 1994 साली जपानात निघालेले हे यंत्र. झाकण उघडले तर आतल्या सर्किटवर नखाएवढी चिप, डाख देऊन बसवलेली!

अस्सल तबकडीच्या आतल्या कडेला एक सूक्ष्म नागमोडी हेलकावा असतो. त्यात दडलेली चार अक्षरे वाचल्यावाचून यंत्र खेळ सुरू करीत नाही. घरी काढलेल्या नकलेत हा हेलकावा उतरत नाही. अक्षरेही प्रदेशागणिक निराळी. त्यामुळे अमेरिकेतली अस्सल तबकडी युरोपातल्या यंत्राला खोटीच वाटते. चिप तीच अक्षरे यंत्राच्या कानात हळूच सांगते. चोरवाटच ती, पण काय नामी!

आमचा मामा शाळामास्तर. कॉपी सापडली की पोराला वर्गाबाहेर काढणारा. चिप दाखवली तेव्हा तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

“अस्सल तबकडी पगारात बसत नव्हती रे.”

2005 साली ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चिप विकणाऱ्याच्या बाजूने निकाल दिल्याचे मी उत्साहाने सांगितले.

“त्या न्यायाधीशांना माझ्या वर्गातली पोरे कुठे ठाऊक होती?” मामा म्हणाला.

मी झाकण लावले. एक स्क्रू उरलाच.