चाकं आहेत, पण चालवायची कुठं?

नवी बॅग घेतली. पाठीवर अडकवायची सॅकच, पण खाली दोन चाकं आणि वरून ओढून काढायचा दांडा. आठवडा झाला वापरतोय. दोघा-तिघांनी विचारलं, "कशी निघाली?" म्हणून चार ओळी लिहायला बसलो, तर विषय बॅगेवर थांबलाच नाही. तरी आधी बॅगेचं सांगून टाकतो.

कंपनीचं नाव लिहीत नाही. ही जाहिरात नाही आणि तक्रारही नाही. रिकामी बॅग घरच्या काट्यावर ठेवली, तीन किलोला थोडी कमी भरली. माझी जुनी साधी सॅक एक किलोचीही नव्हती. म्हणजे चाकं, दांडा आणि खालची कडक पाटी यांचंच वजन दोन किलो. लॅपटॉप, कॅमेरा, दोन दिवसांचे कपडे, डबा, पाण्याची बाटली असं सगळं कोंबलं की अकरा-बारा किलो होतात. शिलाई पक्की आहे, चेन अडकत नाही. ओढताना पाठीचे पट्टे मागच्या कप्प्यात सरकवता येतात. पाठीवर घेताना चाकांवर ओढायला कापडी झाकण आहे. ते नसतं तर रस्त्यावरचा सगळा चिखल शर्टावर आला असता.

घरातल्या टाइल्सवर बॅग एका बोटाने चालते. अंगणात आली की आवाज करते. गल्लीत आली की थांबते.

घर ते स्टेशन, अंतर जेमतेम एक किलोमीटर. मुद्दाम मोजलं. नऊ वेळा बॅग उचलावी लागली. दोनदा नालीवरचं झाकण रस्त्याच्या वर आलेलं. एकदा गट्टू खचलेले. तीन ब्रेकर, तेही असे की सायकलवाला उतरून जातो. एकदा नळाच्या पाइपासाठी खोदून मुरूम टाकलेली चरी, जिच्यावर डांबर पडायचं राहून गेलंय. आणि दोनदा फुटपाथच संपला, म्हणजे तिथं टपरी होती. दहाव्यांदा उचलायची वेळ आली तेव्हा पट्टे बाहेर काढले आणि बॅग पाठीवर घेतली. परतीच्या प्रवासात एका स्टेशनवर तर पुलाच्या पायऱ्यांशिवाय दुसरी वाटच सापडली नाही. तिथंही पाठच कामाला आली.

यात बॅगेचा दोष नाही, गणित साधं आहे. तिची चाकं सहा-सात सेंटिमीटरची. चाकाच्या निम्म्या उंचीची कड समोर आली, की सरळ ओढून ते चाक चढूच शकत नाही. इथं निम्मी उंची म्हणजे तीन सेंटिमीटर, दीड बोट! बैलगाडीचं चाक छातीएवढं का असायचं ते यावरून कळतं. धानाच्या बांध्यांतून, धुऱ्यांवरून तीच उंची चालते. लहान चाकाला रस्ता गुळगुळीत लागतो, आणि रस्ता गुळगुळीत ठेवणं हे चाक बनवणाऱ्याचं काम नाही.

आता गंमत बघा. माणसाला चाक सापडून पाच हजार वर्षं होऊन गेली. पण प्रवासाच्या बॅगेला चाक लावायचं पेटंट अमेरिकेत मिळालं १९७२ साली. बर्नार्ड सॅडो नावाच्या माणसाने विमानतळावर एका कामगाराला जड यंत्र चाकाच्या पाटीवरून ढकलत नेताना पाहिलं आणि त्याला ही कल्पना सुचली. त्याआधी १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरून आला होता! दुकानदारांनी सुरुवातीला ती बॅग घ्यायलाही नकार दिला. उभा दांडा आणि दोन चाकं असलेली, आज आपण ओढतो तशी बॅग तर १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने केली.

एवढा उशीर का? मला एकच कारण पटतं. ज्याला बॅग विकत घेणं परवडत होतं, तो ती स्वतः उचलत नव्हता. उचलणारा दुसरा होता. आणि उचलणाऱ्याच्या पाठीसाठी शोध लावायची घाई कुणाला नसते.

आपल्याकडे तो दुसरा म्हणजे लाल सदरा आणि दंडावर बिल्ला असलेला हमाल. २००८ च्या रेल्वे अर्थसंकल्पात परवानाधारक हमालांना गँगमन म्हणून घ्यायची घोषणा झाली आणि अनेकांना नोकरी लागली. २०१६ च्या अर्थसंकल्पात उरलेल्यांचं नाव 'कुली' बदलून 'सहायक' ठेवलं. नाव बदललं, बॅगांना चाकं आली आणि बोहणी गेली. माझ्या बॅगेकडे पाहून एक हमाल हसून म्हणाले, "भाऊ, याच चाकाखाली आमचा धंदा गेला." मी म्हटलं, "पुलावर तर तुम्हीच लागता." ते म्हणाले, "पुलावर लागतो, पण बारा किलोसाठी कोण बोलावते? जड बोजा असला तरच आमची आठवण येते." म्हणजे हलकं ओझं चाकाने नेलं, जड तेवढं माणसाच्या डोक्यावर ठेवलं. राईस मिलवरची पोती आजही पाठीवरूनच ट्रकमध्ये चढतात. शंभर किलोचं पोतं पन्नासवर आणा, एवढी साधी मागणी घेऊन या राज्यातल्या हमालांना वर्षानुवर्षं लढावं लागलं. १९६९ चा माथाडी कायदा महाराष्ट्रात झाला याचा अभिमान आहेच. पण कायद्याच्या नावात 'माथा' आहे, हेही लक्षात असू द्या.

दुसरी पाठ लेकरांची. आपल्या शेजारच्या चंद्रपुरात ऑगस्ट २०१६ मध्ये सातवीतल्या दोन मुलांनी पत्रकार परिषद घेतली होती, आठवतं? दप्तराचं ओझं कमी करा, नाहीतर उपोषणाला बसू, असं ती पोरं म्हणाली. त्याच्या एक वर्ष आधीच, जुलै २०१५ मध्ये, राज्य सरकारचा निर्णय निघाला होता की दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नको. तीस किलोच्या पोराला तीन किलो. निर्णय होता, काटा होता, तरी पोरांना पत्रकारांसमोर यावं लागलं.

मग पालकांनी काय केलं? ज्यांना परवडलं त्यांनी चाकांचं दप्तर घेतलं. पण केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणाने चाकांच्या दप्तराला नको म्हटलंय. कारण काय, तर पायऱ्या चढताना मुलांना इजा होऊ शकते. बरोबरच आहे. ते धोरण उलट सांगतं की शाळेने प्यायचं चांगलं पाणी द्यावं, म्हणजे मुलाला बाटली आणावी लागणार नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तीन किलोच्या हिशोबात हा तिसरा हिस्सा झाला. शाळेतली टाकी रोज घासली आणि भरली की दप्तर तेवढं हलकं होतं. त्याला चाक लागत नाही, खर्चही फारसा लागत नाही. कुणीतरी रोज ते काम करावं लागतं, एवढंच.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय तो मुद्दा.

बॅग घेऊन जाताना माझ्या पुढे एक तरुण व्हीलचेअरवर होता. ज्या झाकणापाशी मी अडलो, त्याच झाकणापाशी तो अडला. त्याच्या पुढच्या चाकांचा आकार माझ्या बॅगेच्या चाकांपेक्षा फार मोठा नव्हता. मी बॅग उचलली, पुढे ठेवली. तो तिथंच थांबला, कुणीतरी येईल याची वाट पाहत. आम्ही दोघांनी मिळून खुर्ची पार केली. मी म्हटलं, रोजचं आहे का? तो म्हणाला, "भाऊ, तुमची बॅग तुमी उचलून घेता. मले रोज कोणाले तरी उचला म्हणाव लागते. कामाचं दुखत नाही, म्हणायचं दुखते."

माझ्यासाठी नऊ ठिकाणं म्हणजे नऊ वेळा वाकणं. त्याच्यासाठी नऊ ठिकाणं म्हणजे नऊ अनोळखी माणसांना विनंती. दोन्ही बाजूंनी, म्हणजे जाऊन येऊन अठरा. असा माणूस घरातच बसून राहिला तर आपण म्हणतो, "बिचारा बाहेर पडत नाही." पडेल कसा?

हे उपकाराचं प्रकरण नाही, कायद्याचं आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. नियम जून २०१७ मध्ये आले. जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करा, असं कायदा सांगतो. ती मुदत २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सुगमतेचे नियम नुसते शिफारशीसारखे चालणार नाहीत, बंधनकारक हवेत. रॅम्पचं साधं माप आहे, एक फूट चढायला बारा फूट उतार. पण आपण कितीतरी ठिकाणी पाहतो की पायऱ्यांच्या बाजूला मोटरसायकल चढवायला केलेली घसरगुंडी असते आणि तिलाच रॅम्प म्हणतात. कागदावर टिक होते, खुर्ची चढत नाही.

आपला जिल्हा १ मे १९९९ ला झाला. आपलं गोंदिया जंक्शन, हावडा-मुंबई मार्गावरचं. बल्लारशाला लाईन जाते, जबलपूरला जाते, तीही आता ब्रॉडगेज. डिसेंबर २०२२ पासून वंदे भारत थांबते. बिरसीच्या धावपट्टीवरून प्रवासी विमान उडालं. हे सगळं हवंच होतं आणि आलं त्याचा आनंद आहे. पण प्रत्येक प्रवास सुरू होतो घराच्या दारातून आणि संपतो दुसऱ्या कुठल्या दारात. मधले हजार किलोमीटर वेगवान झाले. दारापासूनचे पहिले दोनशे पावलं कुणाच्याच उद्घाटनाच्या यादीत नाहीत. नालीचं झाकण समतल बसवल्याची फीत कोण कापणार?

म्हणून एक छोटं काम सांगतो. घरात चाकांची कुठलीही बॅग असेल तर ती काढा. त्यात पाच-सात किलो वजन भरा. घरापासून जवळची बँक, दवाखाना, शाळा किंवा एसटी स्टँड, यांपैकी एका ठिकाणी ओढत न्या. किती वेळा उचलावी लागली ते मोजा. प्रत्येक जागेचा एक फोटो, जागेचं नाव आणि उंची बोटांत लिहा. तिरोडा, आमगाव, देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव, गोरेगाव, सडक अर्जुनी, सगळीकडून चालेल. इथं खाली टाका. मी त्याची एक यादी करतो आणि आपण ती लेखी अर्जासोबत त्या त्या कार्यालयात देऊ, पोच घेऊन. "रस्ते खराब आहेत" या अर्जाला उत्तर येत नाही. "अमुक दुकानासमोरचं झाकण चार बोटं वर आहे" या अर्जाला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं.

बॅग कशी आहे विचारत होतात ना? चांगली आहे. पट्टे मजबूत आहेत, तेच जास्त वापरले.