पडदा आणि खिडकी

कारागिराच्या हत्यारांविषयी बोलण्याचा अधिकार कारागिराचाच, हे आम्हांस मान्य आहे. वस्तऱ्याला धार कशी लावावी हे गिऱ्हाइकाने न्हाव्याला शिकवू नये. तथापि वस्तरा ज्याच्या गालावरून फिरतो त्यालाही त्या धारेविषयी थोडेफार कळते, आणि ते ज्ञान न्हाव्याला सहाणेवर मिळत नाही. आम्ही पेशाने केंद्र सरकारचे कारकून. संकेतस्थळे आणि त्यांमागच्या आज्ञावल्या रचणाऱ्या मंडळींची कारागिरी दिवसभर आमच्या पुढ्यात असते. पुढ्यात पडदा, आणि त्यापलीकडे खिडकीशी ताटकळत उभा असलेला माणूस. या दोहोंच्या मध्ये बसून जे दिसले ते येथे मांडावेसे वाटते.

चंदीगडला किशनगडजवळ २००५ साली राजीव गांधी तंत्रज्ञान उद्यान सुरू झाले. या धंद्यातली काही मराठी मुले या शहरात आहेत आणि गणेशोत्सवात त्यांची गाठ पडते. मोदकाचा घास तोंडात असतानाही त्यांचे वाद चालू असतात : कोणती चौकट वेगवान, कोणती भाषा मागासलेली, कोणते साधन कालबाह्य. आम्ही ऐकत बसतो. ज्या हत्याराचे नाव दर वर्षी बदलते त्याविषयी मत देण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही. परंतु काही साधने अशी आहेत की ती त्यांच्याइतकीच आमच्याही ओळखीची निघाली.

पहिले साधन ‘गिट’. लिनस टोरवाल्ड्स या गृहस्थांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी ते रचले. आज्ञावलीत कोणी, केव्हा, काय बदलले आणि का बदलले याची नोंद ते ठेवते. एका तरुणाने आम्हांस हे मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले तेव्हा आम्हांस हसू आले. अहो, ही तर आमची फाइल! एका बाजूस पत्रव्यवहार, दुसऱ्या बाजूस टिप्पणी. प्रत्येक टिप्पणीखाली सही आणि तारीख. झालेली नोंद खोडायची नाही, चूक असेल तर खाली नवी टिप्पणी लिहायची. फरक एवढाच की आमच्या नव्या कारकुनास टिप्पणी लिहायला शिकवतात आणि या मुलांना बहुधा कोणी शिकवत नाही. त्यांच्या नोंदी पाहाव्यात तर ‘दुरुस्ती केली’, ‘आणखी दुरुस्ती’, ‘आता नक्की’. टिप्पणीत तीन गोष्टी याव्यात : प्रकरण काय आहे, नियम काय सांगतो, आणि प्रस्ताव काय आहे. काय बदलले ते यंत्र दाखवतेच; का बदलले हे माणसानेच लिहावे लागते. पाच वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्या अनोळखी माणसासाठी ते लिहायचे असते, आणि पुष्कळदा तो अनोळखी माणूस आपणच असतो.

दुसरी गोष्ट अक्षरांची, आणि येथे विनोद संपतो. साताऱ्याकडच्या एका सैनिकाची विधवा एकदा खिडकीशी आली. तिचे आडनाव काळे. एका दप्तरात ते कोणी हाताने ‘काळे’ असे नोंदले होते. दुसऱ्या दप्तरात ते रोमन लिपीतून यंत्राने उलटवले गेले आणि ‘काले’ झाले. दोन नोंदी जुळेनात, म्हणून एका कार्यालयाकडून यावयाचे पैसे चार महिने अडकून पडले. बाई शांतपणे म्हणाल्या, “साहेब, नवरा गेला तो गेला, आता आडनावही गेलं का?” शेजारच्या टेबलावरच्या पंजाबी सहकाऱ्याने त्यांचे आडनाव अचूक ‘ळ’काराने उच्चारले, कारण पंजाबी बोलीत तो ध्वनी आहे. जीभ जाणत होती ते यंत्राला ठाऊक नव्हते.

वास्तविक ‘ळ’ला यंत्रात जागा नाही असे नाही. युनिकोड या जागतिक वर्णसंचात देवनागरीसाठी १२८ स्थानांचा स्वतंत्र गाळा आहे आणि त्यात ‘ळ’, ‘ऱ’ दोन्ही आहेत. ‘ॲ’ला मात्र स्वतःचे घर २००८ साली मिळाले, तोवर ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवीत. परिणाम असा की आजही काही दप्तरांत हे अक्षर एका तुकड्याचे आहे आणि काहींत दोन तुकड्यांचे. डोळ्याला दोन्ही सारखी दिसतात, यंत्राला ती भिन्न वाटतात, आणि वर्णरूपे एकसारखी करण्याच्या युनिकोडच्या नेहमीच्या रीतीनेही ती एक होत नाहीत. ती जुळवणी आज्ञावली रचणाऱ्यानेच मुद्दाम करावी लागते. ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांतला भेद पुसला तर दक्षिणा कोणाला आणि मजुरी कोणाला याचा घोटाळा होतो, हे मराठी माणसास सांगायला नको; तो चष्म्याचा ‘र’देखील दोन रीतींनी साठवला जातो.

लांबीचेही तसेच. ‘क्षितिज’ हा शब्द आपण तीन अक्षरांचा म्हणून वाचतो. यंत्र त्याचे सात तुकडे करते आणि सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक तुकड्याला तीन बाइट, म्हणजे एकूण २१ बाइट खर्ची घालते. इंग्रजी नाव मनात धरून रकान्याला वीस बाइटांची मर्यादा घालणाऱ्याने या शब्दाचे शेपूट कापलेच म्हणून समजा. क्रमाचेही तेच. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडात तो ‘ल’च्या शेजारी बसला आहे. केवळ आकड्यांवरून यादी लावली तर काळे हे कावळ्यांच्या आधी येतात आणि यादी पाहणारा मराठी माणूस त्यांना खाली शोधत राहतो. भाषेप्रमाणे क्रम लावण्याची सोय ब्राउझरांत आणि माहितीकोशांत तयार आहे. ती फक्त मागावी लागते.

म्हणून आमची पहिली विनवणी अशी की, नवी प्रणाली लोकांपुढे ठेवण्यापूर्वी तिला काही नावे खाऊ घालावीत : काळे, गोऱ्हे, क्षीरसागर, ज्ञानेश्वर. त्यांच्याबरोबर या शहराची नावेही असावीत. मराठी माणूस स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव असे तीन भाग सांगतो. येथला पुष्कळदा नाव आणि पुढे सिंग किंवा कौर एवढेच सांगतो. आडनावाचा रकाना सक्तीचा असेल तर तेथे काय लिहावे असा त्याला प्रश्न पडतो. दक्षिणेकडचा गृहस्थ आद्याक्षर आधी लावतो. एकच नाव असलेली माणसेही आहेत. ‘पूर्ण नाव’ असा एकच मोठा रकाना ठेवला तर कोणाचेच बिघडत नाही.

दुसरी विनवणी अशी की, आपले काम आपल्या उत्तम यंत्रावर पाहू नये. ब्राउझरमध्येच रचनाकारांसाठी एक पेटी असते. तिच्यात जाळ्याचा वेग मुद्दाम मंद करून पाहता येतो. तसे करून अर्ज भरावा. मग माउस बाजूस ठेवून केवळ कळफलकाने भरावा. मग ‘एनव्हीडीए’ हे विनामूल्य वाचकयंत्र लावून, डोळे मिटून भरावा. दृष्टिहीन माणूस तो असाच भरतो. सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ सालीच निघाली, पुढे २०१८ आणि २०२३ साली सुधारली गेली, आणि सर्वांना वापरता येण्याचा आग्रह त्यांत आहे. नियम आहेत, पण नियम वाचणे वेगळे आणि डोळे मिटून बसणे वेगळे. अर्धा भरलेला अर्ज जपून ठेवावा, हे तर सांगावेच लागू नये. म्हातारा माणूस पेन्शनचा कागद काढायला पिशवीत हात घालतो, तोवर पडद्यावर ‘वेळ संपली’ असे येते. वेळ कोणाची संपली?

असे रकाने का आखले जातात, याचा विचार करताना आमचे लक्ष या शहराकडेच जाते. ल कॉर्ब्युझिए यांनी १९५१ साली चंदीगडचा आराखडा आखला : सुमारे ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब असे स्वयंपूर्ण सेक्टर, आणि त्यांना जोडणारी, श्रेणी लावलेली रस्त्यांची जाळी. पुढे १९६५ साली ख्रिस्टोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाने ‘शहर म्हणजे झाड नव्हे’ अशा अर्थाचा एक निबंध लिहिला आणि त्यात चंदीगडचेही उदाहरण घेतले. झाडात प्रत्येक फांदी एकाच खोडाची. जिवंत शहरात मात्र एकच गोष्ट अनेक समूहांत गुंतलेली असते, असे त्याचे म्हणणे. या अलेक्झांडरच्याच विचारांतून आज्ञावलीकारांनी आपली ‘पॅटर्न’ ही कल्पना उचलली : १९८७ साली केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी, आणि १९९४ साली चौघा लेखकांच्या एका गाजलेल्या ग्रंथाने. त्याच नमुन्यांचा संग्रह सर्वांना मिळून लिहिता यावा म्हणून कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिले ‘विकी’ काढले. तंत्रज्ञान उद्यानातल्या मुलांच्या पोथीचा उगम असा त्यांच्या पायाखालच्या शहरावरच्या टीकेपाशी जाऊन पोचतो.

आणि ती टीका किती खरी आहे पाहा. १ नोव्हेंबर १९६६ पासून चंदीगड हा केंद्रशासित प्रदेश आहे. तो पंजाबात नाही आणि हरियाणातही नाही, तरी राजधानी मात्र दोघांची आहे. एका राज्याखाली एक राजधानी, अशी फांदी काढणारी कोष्टके येथे येऊन अडतात. येथल्या पत्त्यात घरक्रमांक आणि सेक्टर असतो, रस्त्याचे नाव नसते; रस्त्याचे नाव सक्तीने मागणाऱ्या रकान्यात लोक एक टिंब टाकून पुढे जातात. ते टिंब म्हणजे रचनाकाराला लिहिलेले पत्रच होय. दप्तरात अशी टिंबे किती आहेत हे त्याने मोजले, तर कोणत्याही नव्या हत्याराने कळणार नाही इतके त्याला कळेल.

आराखड्यातल्या हिरव्या पट्ट्यांतून येथे तिरप्या पायवाटा पडल्या आहेत. फरसबंद रस्ता काटकोनात जातो. दूधवाला, शाळकरी पोर आणि रेहडीवाला गवतातून जातात. त्यांना अडवण्यासाठी तारेचे कुंपण घालता येते, किंवा त्या वाटेवर चार फरश्या टाकता येतात. रचनाकाराची परीक्षा तेथे होते. फरश्या टाकायच्या तर आधी कोठे चालतात ते पाहावे लागते. आणि ते पाहण्यासाठी एखादा दिवस खिडकीशी, आमच्या शेजारच्या खुर्चीत, येऊन बसण्याहून स्वस्त साधन आम्हांस तरी ठाऊक नाही. चहा आम्ही देऊ.