कलमं आणि पगार

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन कर्मचाऱ्याला स्वेच्छेने निवृत्त होता येतं. आमच्या ऑफिसात बाकीचे नियम बघायला पुस्तक काढावं लागतं. हा एकच सगळ्यांना तोंडपाठ आहे. ज्याची सेवा जेमतेम सहा वर्षांची, त्यालाही.

◆

देवगडात नोकरी सोडण्याचा विचार हंगामाप्रमाणे चढतो-उतरतो. जूनमध्ये तो कुणाच्या मनात येत नाही. बाहेर पाऊस कोसळत असतो, मच्छीमारी ३१ जुलैपर्यंत बंद असते, आणि पत्र्याखाली कोरडं बसून महिनाअखेर पगार मिळतो याचंच समाधान असतं. गणपतीत मुंबईचे चाकरमानी येतात आणि विचाराची साथ पसरवून जातात. डिसेंबरात थंडी पडते, कलमं मोहोरतात, तेव्हा तो ऐन भरात असतो. मग जानेवारीत कधीतरी दोन दिवस ढग धरतात. बागायतदारांचे चेहरे बघून आमच्या टेबलांवरचे राजीनामे आपोआप मागे घेतले जातात.

◆

गणपतीतला एक संवाद. दरवर्षी, बहुतेक घरांत, थोड्याफार फरकाने.

मुंबईचा भाऊ: "आता बस झाला. गावाक येवन रवतलंय. कलमां बघतलंय."

गावचा भाऊ: "ये मां! आणि जाताना तुझी ती नोकरी माका गावतली काय बघ."

दोघेही हसतात. दुसरा मात्र अर्धंच.

◆

हिशोब करून बघितला. हापूसची कलमं दहा बाय दहा मीटरवर लावायची, म्हणजे हेक्टरी शंभर. आमच्याकडे माती कमी, कातळ जास्त; सुरुंग लावून खड्डे काढायचे, बाहेरची माती आणून भरायची. सुरुवातीची काही वर्षं मोहोर आला तरी खुडून टाकायचा, झाड वाढू द्यायचं. पाचव्या-सहाव्या वर्षी चार फळं दिसतात. खरं उत्पन्न दहा-पंधरा वर्षांनी. त्यातही हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो.

समजा, पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडली आणि कलमं लावली. ती हाताशी येतील तेव्हा वय साठ. सरकारने अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी पाठवलंच असतं. म्हणजे बागेसाठी नोकरी सोडायची असेल तर बाग नोकरीत असतानाच लावायला हवी. आणि नोकरीत असताना बाग लावणाऱ्याला दर महिन्याला पगार लागतो. तो नोकरी सोडत नाही.

◆

वरच्या टिपणावर एका बागायतदार काकांचं म्हणणं: "मग तुला काय वाटलं, आमच्या बागा आंब्यानं उभ्या केल्या?"

त्यांच्या वडिलांनी गिरणीत तीस वर्षं काढली. मनीऑर्डर यायची, त्यातून गडगा बांधला, विहीर खणली, कलमं घेतली. फळबाग लागवडीला रोजगार हमीचं शंभर टक्के अनुदान आलं ते १९९० मध्ये. त्याआधी अनेक घरांचं अनुदान म्हणजे परळ-लालबागचा पगार. देवगड हापूस कातळावर वाढतो, खाऱ्या वाऱ्यावर वाढतो, असं आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. तो नोकरीवरही वाढतो, हे सांगत नाही. नोकरी ही आमच्या बागांची सगळ्यात जुनी पाटबंधारे योजना आहे.

◆

त्याच गिरण्यांचं दुसरं टोक. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. परत कामावर जाण्याचा दिवस बहुतेकांच्या आयुष्यात आलाच नाही, आणि कोकणातले कितीतरी लोक ट्रंका घेऊन गावाला आले. घर होतं, समुद्र होता, चार कलमं होती. आजच्या स्वप्नातलं सगळं होतं. तरी त्या वर्षांविषयी घरात कुणी आनंदाने बोललेलं मी ऐकलेलं नाही. आपण नोकरी सोडणं वेगळं आणि नोकरीने आपल्याला सोडणं वेगळं. स्वप्न फक्त पहिल्याचं पडतं.

◆

देवगडचा किल्ला १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने घेतला. त्या वर्षी कंपनीच्या लंडनच्या कचेरीत, हिशेब खात्यात, चार्ल्स लॅम नावाचा एक कारकून बसला होता. १७९२ मध्ये चिकटलेला. तेहतीस वर्षं त्याने चहा-नीळ-कापडाच्या वह्या लिहिल्या, आणि त्यातली बरीचशी वर्षं सुटण्याचा विचार करत लिहिल्या. संध्याकाळी घरी जाऊन तो निबंध लिही. इंग्रजी ललित निबंध शिकताना ज्याचं नाव आधी घेतात, तो हाच.

१८२५ मध्ये कंपनीने त्याला चांगलं पेन्शन देऊन मोकळं केलं. त्यावर त्याने लगेच एक निबंध लिहिला. आधी आनंदाने डोकं गरगरतं. मग वेळ इतका हाताशी येतो की तो कुठे ठेवावा कळत नाही. मग एक दिवस पाय जुन्या कचेरीकडे वळतात; तिथे आपल्या टेबलावर दुसरा बसलेला, आपल्या टोपीच्या खुंटीवर दुसऱ्याची टोपी. हळूहळू सवय होते आणि माणूस खरंच मोकळा होतो.

एका टोकाला किल्ले जिंकणारी कंपनी. दुसऱ्या टोकाला तिचाच कारकून घड्याळाकडे बघतोय. इतिहासाच्या पुस्तकांत पहिलं टोक असतं.

◆

विजयदुर्ग आमच्याच तालुक्यात. तिथे साहेबाचे कट्टे दाखवतात, आणि १८ ऑगस्टला हेलियमचा दिवस साजरा होतो. १८६८ च्या त्या तारखेला खग्रास सूर्यग्रहण होतं. हेलियमचा शोध ज्यांच्या नावावर आहे ते लॉकियरसाहेब स्वतः विजयदुर्गावर आले ते नंतरच्या ग्रहणाला, २२ जानेवारी १८९८ ला. मला त्यांच्या चरित्रातली वेगळीच गोष्ट आवडते. १८६८ मध्ये हा माणूस लंडनच्या युद्धखात्यात कारकून होता. दिवसा फायली. दुर्बीण उरलेल्या वेळात. ऑक्टोबरात सूर्याच्या प्रकाशात त्याला जी पिवळी रेघ दिसली ती आधी माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १८६९ मध्ये, त्याने 'नेचर' हे नियतकालिक सुरू केलं. तेव्हाही नोकरी युद्धखात्याचीच.

पूर्णवेळ विज्ञानाकडे तो नंतर वळला. म्हणजे हेलियम आधी, राजीनामा मागाहून. आमच्याकडे राजीनामा आधी ठरतो आणि हेलियमचं बघू म्हणतात.

◆

विंदा करंदीकर धालवलीचे. धालवली देवगड तालुक्यात; जन्म २३ ऑगस्ट १९१८. मुंबईत इंग्रजीचे प्राध्यापक. लेखनासाठी त्यांनी निवृत्तीचं वय व्हायच्या आधीच नोकरी सोडली. आमच्या तालुक्यात स्वेच्छानिवृत्तीचं समर्थन करायचं झालं की हे उदाहरण हमखास पुढे येतं, कारण पुढे ज्ञानपीठही आहे.

पण सनावळी बघावी. 'स्वेदगंगा' १९४९, 'मृद्गंध' १९५४, 'ध्रुपद' १९५९. हे सगळं तास घेत, पेपर तपासत झालं. त्यांनी नोकरी सोडली तेव्हा हातातलं काम वेळ मागत होतं. रिकामा वेळ घेऊन काम शोधायला ते निघाले नव्हते. हे समजलं की उदाहरण द्यायला जरा अवघड वाटतं.

◆

स्वप्नांचे प्रचलित प्रकार, ऑफिसातल्या चर्चेवरून:

एक, कुणकेश्वरला होम-स्टे. यात समुद्र दिसतो, उकडीचे मोदक दिसतात. चादरी धुणं, मे महिन्यातली विहीर आणि रात्री अकराला "गरम पाणी आहे का" विचारणारा पाहुणा दिसत नाही.

दोन, स्वतःचा ब्रँड. दलाल नको, वाशी नको, थेट ग्राहक. पेटीवर आजीचा फोटो. (आजी हयात आहे. तिला विचारलेलं नाही.)

तीन, काहीच करायचं नाही. सगळ्यात प्रामाणिक स्वप्न हेच, म्हणून कुणी मोठ्याने सांगत नाही.

◆

पहिल्या प्रकारावर पुरवणी. कुडाळला खानावळ चालवणारा एक माणूस १९५९ मध्ये नोकरी शोधत मुंबईला गेला. चिं. त्र्यं. खानोलकर, कवितेत आरती प्रभू. पाव्हण्यांना जेवू घालून कोकणात निवांत लिहीत बसावं, हे ज्यांना स्वर्ग वाटतं त्यांनी लक्षात ठेवावं: तो स्वर्ग सोडून कवी पगाराच्या शोधात निघाला होता. आकाशवाणीतली नोकरीही फार टिकली नाही, हा पुढचा भाग. दोन्ही दारांतून आतबाहेर केलेला माणूस.

◆

४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर २०१९. बीएसएनएलची स्वेच्छानिवृत्ती योजना, पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी. देशभरात ७८ हजारांहून अधिक लोकांनी अर्ज केला आणि ३१ जानेवारी २०२० ला ते सगळे एकाच दिवशी घरी गेले. दोन महिन्यांत टाळेबंदी आली. त्यामुळे सुटका म्हणजे नेमकं काय, हे त्यांना नीट अनुभवताच आलं नाही. तेव्हा सगळा देशच घरी बसला होता.

त्यानंतर २०२१ मध्ये अमेरिकेत एका वर्षात साडेचार कोटींहून अधिक राजीनामे पडले. आमच्या चर्चेत हा आकडा आला तेव्हा एकाने विचारलं, "त्यांच्या आयशींका कोणी सांगल्यान?" राजीनामा साहेबाच्या टेबलावर ठेवणं सोपं. तो आईच्या गळी उतरवायचा असतो, आणि ज्या घरात मुलाची सरकारी नोकरी लागली म्हणून गाऱ्हाणं घालून नारळ फोडला, त्या घरात तर देवालाही उत्तर द्यायचं असतं.

◆

आमच्या ऑफिसात स्वप्न बघणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेले आणि नंतर लागलेले. आधीचे जुन्या पेन्शनमध्ये. त्यांचं स्वप्न सविस्तर असतं, त्यात झोपाळासुद्धा असतो. नंतरच्यांचं स्वप्न शेअर बाजारावर अवलंबून, म्हणून ते दर वेळी "बघू" या शब्दावर थांबतं. मार्च २०२३ मध्ये "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत राज्यभर संप झाला. बाहेरून बघणाऱ्यांना तो म्हातारपणाचा हिशोब वाटला. मला वाटतं, मोकळेपणाची कल्पना करता यावी, एवढीही त्यात मागणी होती.

◆

आंब्याच्या दिवसांत बागांत नेपाळहून आलेले राखणदार असतात. माकडं हाकणं, फवारणीला हात लावणं, रात्री बॅटरी घेऊन फेरी. कलमांखाली ताडपत्रीच्या खोपीत बायको-मुलांसह राहतात.

माझ्या स्वप्नात नोकरी नाही. पण स्वप्नातली बाग राखायला कुणीतरी लागतोच, आणि तो आपला गाव, आपली शेती सोडून इथे नोकरीला आलेला असतो. गावाला परत जायचं त्याचंही चाललेलं असतं. एकदा विचारलं, तर म्हणाला, गावाला जाऊन फळबाग लावणार. सफरचंदाची.

◆

बागेचा साहेब कसा असतो याची नोंद. कृषी विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक आहे: पालवीपासून सुरू करून सहा फवारण्या, ठरावीक अंतराने. तुडतुडे रविवार बघून येत नाहीत. करपा रजेच्या अर्जावर शेरा मारत नाही. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा शेवटच्या तोडीचा आंबा झाडावर होता. सकाळी तो झाडाखाली होता. वर्षभराचं मूल्यमापन एका रात्रीत, आणि दाद मागायला वरिष्ठ कार्यालय नाही.

हे सगळं माहीत असूनही डिसेंबरात मोहोराचा वास आला की पेन खाली ठेवावासा वाटतो. कारण साहेब कडक असला तरी तिथे काम दिसतं. फळ धरलं की धरलं. आमच्या फायली वर्षानुवर्षं मोहोरतात.

◆

अर्जित रजा वर्षाला तीस दिवस मिळते आणि तीनशेपर्यंत साठते. निवृत्त होताना तिचे पैसे होतात. तीनशेच्या वरची बुडते. ऑफिसात नोकरी सोडण्याच्या गप्पा सगळ्यात रंगवून मारणारे जे आहेत, त्यांची खाती केव्हाच तीनशेला भिडलीत. दरवर्षी ते आपले मोकळे दिवस सरकारला परत देतात आणि दुपारी डबा खाताना मोकळेपणावर बोलतात. ज्याला महिनाभर सुटता येत नाही, त्याला कायमचं सुटल्यावर काय करायचं ते कुठून कळणार?

यंदा मी पहिल्या फवारणीसाठी रजा टाकली. कारणाच्या रकान्यात नेहमीचं 'घरगुती काम' न लिहिता 'बाग' लिहिलं. साहेबांनी वर बघून विचारलं, "सोडताय की काय?" म्हटलं, "नाही. बघून येतो." मंजूर झाली.

काकांनी सांगितलंय, फवारणी वारा पडलेला असतानाच करायची, म्हणजे पहाटे साडेपाचला बागेत हजर. नोकरीसाठी मी आजवर कधी साडेपाचला उठलेलो नाही.