तालीम, जिम आणि जीपची शेड

मराठीत ‘तालीम’ हा शब्द दोन ठिकाणी नांदतो. मल्ल जेथे अंगाला माती लावतात ती तालीम. आणि नाटकाचा वा तमाशाचा प्रयोग उभा राहण्याआधी जी चालते, तीही तालीमच. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिक्षण. ‘इल्म’ आणि ‘तालीम’ एकाच धातूची लेकरे. ‘जिम’चा ग्रीक पूर्वज मात्र केवळ उघड्या अंगाकडे बोट दाखवतो, आणि ‘गॅरेज’ ज्या फ्रेंच क्रियापदापासून आले त्याचा अर्थ आडोशाला नेऊन ठेवणे असा आहे. घरामागच्या जीपच्या शेडमध्ये व्यायामाची जागा करताना या तिन्ही शब्दांशी आमची गाठ पडली.

आम्ही म्हणजे दोघी जावा. दोघीही महाविद्यालयात मराठी शिकवतो. घर नारायणगाव आणि मंचर यांच्या दरम्यान, महामार्गापासून आत, उसाच्या शेजारी. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांच्या पाण्याने जुन्नर-आंबेगावात ऊस वाढला आणि त्या उसात बिबट्याला बारमाही आडोसा मिळाला. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र आता सहलीच्या यादीतही दिसते. पण पहाटेच्या अंधारात वाटेवर पाऊल टाकायचे तर भीती निराळी असते. डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलेले आणि घरच्यांनी उजाडेपर्यंत बाहेर पडायला मनाई केलेली. उजाडल्यावर पहिल्या तासिकेची घाई. अशा कोंडीत आमची नजर जीप विकल्यापासून रिकाम्या पडलेल्या शेडकडे गेली.

गावात तालीम नाही असे नव्हे. मारुतीची मूर्ती आहे, हौदा आहे, हळद, ताक, तेल घालून मळलेली तांबडी माती आहे. यात्रेतला कुस्त्यांचा हगामा आम्ही लहानपणापासून दुरून पाहिला. पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या जोडीपर्यंत. आत मात्र बायकांनी जायचे नसते. कोणी तशी पाटी लावलेली नाही. तिची गरजही कधी भासली नाही.

मग सवयीप्रमाणे आम्ही पुस्तकांकडे वळलो. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मल्लविनोदाचे प्रकरण आहे; मल्लांचा आहार आणि सराव राजाने बारकाईने नोंदवला आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे आयुष्य दिले. द. चिं. मुजुमदारांनी बडोद्याहून ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड सिद्ध केले. या परंपरेतून आम्ही उचलले ते एवढेच, की आपल्याकडचा व्यायाम स्वस्त होता. जोर-बैठकांना जमीन पुरते. जोडी-करेलांना सुतार लागतो. मल्लखांब म्हणजे एक गुळगुळीत लाकूड. यंत्रांच्या किमती पाहून बसलेला धसका तेथे ओसरला.

शेड तयार करणे हे मात्र पुस्तकी काम नव्हते. गाडी धुतल्यावर पाणी वाहून जावे म्हणून फरशी दाराकडे उतरती होती. उभे राहून वजन उचलताना पाय सपाट हवेत, म्हणून अर्ध्या भागात सिमेंटचा थर देऊन ती समतल केली. वर गाईंच्या गोठ्यात अंथरतात त्या जाड रबरी मॅट टाकल्या. दुभत्या जनावरांच्या या मुलखात त्या सहज मिळतात, आणि जनावराचे वजन पेलणाऱ्या मॅटला आमचे वजन ते काय! रबराचा वास जायला पंधरा दिवस उन्हात ठेवाव्या लागल्या. छताच्या लोखंडी कैच्या फक्त पत्रे पेलण्यासाठी असतात, त्यांना दोर बांधून लोंबकळू नये, असे वेल्डिंगवाल्याने बजावले. म्हणून दोन जाड पाइप जमिनीत अडीच फूट खोल काँक्रीटमध्ये रोवून वर आडवा बार जोडून घेतला. पत्रे तापू नयेत म्हणून त्यांवर उसाचे पाचट बांधले. सुताराने बाभळीची एक जोडी कातून दिली. सारा खर्च 18,000 रुपयांच्या आत राहिला.

वजनांसाठी टोमॅटोचा क्रेट निवडला. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा हिशेब वीस किलोच्या क्रेटवर चालतो. आम्ही वाळूच्या चार-चार किलोच्या पिशव्या शिवल्या. आधी क्रेटमध्ये दोन, मग तीन, असे करत पाचांपर्यंत पोचायचे.

एका सकाळी तोडणीला आलेल्या मावशी शेडच्या दाराशी थबकल्या. आम्ही क्रेट उचलत होतो आणि ठेवत होतो. पुन्हा उचलत होतो.

“बाई, हे उचलायचं तुम्हाला कोण पैसं देतं?”

आम्ही हसलो, पण उत्तर देता आले नाही. हंगामात मावशी असे कितीतरी क्रेट बांधापर्यंत नेतात. तेच वजन, तीच उचल. एकीची मजुरी आणि दुसरीचा व्यायाम. ‘व्यायाम’ या शब्दात ‘यम्’ धातू आहे: ताणणे आणि आवरणे. कधी थांबायचे हे आमचे आम्ही ठरवतो. मावशींचे थांबणे टेम्पो भरण्यावर असते. दोन्हींत फरक आहे तो इथे, वजनात नाही.

मावशी आत आल्या आणि क्रेट कसा धरायचा ते त्यांनी दाखवले. पावले क्रेटच्या दोन्ही बाजूंना, वाकायचे ते गुडघ्यांत, ओझे पोटाशी घट्ट. वळायचे असेल तर कमरेतून पिळायचे नाही, पाय उचलून फिरायचे. “माझी कंबर गेली, म्हणून सांगते,” त्या म्हणाल्या. दुखण्यातून आलेले ते ज्ञान होते आणि आमच्या दहा खंडांत आम्ही ते शोधलेच नव्हते. शेडला त्या दिवशी तालीम म्हणावेसे वाटले, कारण तेथे कोणीतरी शिकवले होते.

तुम्हीही येत जा, असे आम्ही म्हटले, तेव्हा मावशींनी हात झटकला. दिवसभर तेच तर करायचे. पण दुपारच्या सुट्टीत त्या आता येतात. मॅटवर उताणे पडून गुडघे छातीशी घेतात; एवढेच आम्ही त्यांना शिकवले. मग दहा मिनिटे नुसत्या पडून राहतात. दार आम्ही ओढून घेतो.

ग्रामीण साहित्याचा तास घेताना कष्टकरी बाईच्या डोईवरच्या भाऱ्याची वर्णने आम्हाला हवी तेवढी सापडतात. तीच बाई भर दुपारी, कोणी बोलावत नाही अशा ठिकाणी, पाठ टेकून पडली आहे, अशी वर्णने मात्र आम्हा दोघींना मिळून फार थोडी आठवतात. विद्यार्थ्यांना आठवत असतील, तर त्यांनी ती जरूर सांगावीत.