आवरलेला सूर

गीतरामायण ऐकताना मला आधी भिडतो तो त्यातला आवर. त्याचे संगीतकार सुधीर फडके शास्त्रोक्त तालमीत घडलेले. तानापलट्यांची दौलत हाताशी होती, पण माणदेशी माणूस चैत्रात पाणी वापरतो तशी त्यांनी ती वापरली : लागेल तेवढीच, थेंबही न सांडता. मुरकी येते, शब्द उजळते आणि बाजूला होते.

गीतरामायणाचे शब्द आमच्या माणदेशातले. ते लिहिणाऱ्या ग. दि. माडगूळकरांचा, म्हणजे गदिमांचा, जन्म १९१९चा, आटपाडीजवळच्या शेटफळ्याचा, गाव माडगूळ. तिथल्या रानातल्या ‘बामणाच्या पत्र्या’त ते लिहायला येऊन बसत. या मुलखाला राम नवा नव्हता. माणगंगा उगवते कुळकजाईच्या सीतामाईच्या डोंगरात. रामानं टाकल्यावर सीता इथंच राहिली, असं लोक सांगतात. गोंदवल्याला ब्रह्मचैतन्य महाराजांनी घराघरांत रामनाम पेरलं. जात्यावरच्या बायांनी तर सीतेचा वनवास पिढ्यान् पिढ्या ओवीत गायला. दुःख थोड्या शब्दांत, सरळ सांगायचं, ही इथली रीत. गदिमांच्या ओळींत मला तीच ऐकू येते.

१ एप्रिल १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून पहिलं गाणं वाजलं. पुढं आठवड्याला एक. अधिक मास आला म्हणून गाणी ५६ झाली. दर आठवड्याला नवी चाल, आणि तीही उरकलेली नव्हे!

डेन्मार्कच्या कार्ल निल्सनची मला इथं आठवण होते. सहा सिंफनी रचणाऱ्या या माणसानं १९१५ साली थॉमस लाऊबसोबत साध्या गाण्यांचा संग्रह काढला. कुणालाही म्हणता यावं, म्हणून मोठी विद्या मागं ठेवली. त्याची गाणी तिथं आजही मिळून म्हणतात. फडक्यांच्या चालीही घरोघरी गेल्या, पण त्यांचा सोपेपणा फसवा आहे. श्वास कुठं घ्यायचा, स्वर कुठल्या अक्षरावर टेकवायचा, हे गायला बसल्यावरच कळतं.

माझा जीव सगळ्यात जास्त गुंततो तो सीतेच्या गाण्यांत. माणिक वर्मांचा आवाज तिथं रडत नाही. दुःख सोसत उभा राहतो. आणि शेवटची भैरवी! वाल्मीकी लवकुशांना रामापुढं गायला पाठवतात, तिथं गीतरामायण संपतं. सुरू होतं ते लवकुशांच्या त्याच गायनानं, भूपात, रामासमोर. म्हणजे शेवटचं गाणं खरं तर पहिल्याच्या आधीचं. पोरं बापाला त्याचीच कथा ऐकवतात आणि त्या सभेत त्यांची आई नाही. ही पोकळी फडक्यांनी वाद्यांच्या गर्दीनं भरली नाही, याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

पुढं फडके वर्षानुवर्षं पेटी घेऊन एकटेच हे सगळं गायले. हल्ली रामनवमीला मंचावर वाद्यांचा ताफा बसतो, लय चढते, शब्द बुडतात. आमच्याकडच्या गावांत तरी पेटी, तबला आणि शब्द जपणारा एक गळा, एवढ्यावरच हे गायलं जावं.