३४ इंचांचं अंथरूण

भिंतीला पाठ आणि कुल्ले टेकवून जमिनीवरच्या स्टुलावर बसायचं, आणि भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत टेप धरायची. माझं माप २६ इंच भरतं. उंची १८८ सेंटीमीटर. हे मला आजोळाकडून आलंय. आमच्या घरात बाकी सगळे दाराच्या कडीखालून आरामात जातात, मी वाकतो.

विमानाच्या सीटचं माप 'पिच' या शब्दात सांगतात. पिच म्हणजे तुमच्या सीटवरचा एक बिंदू आणि पुढच्या सीटवरचा तोच बिंदू यांतलं अंतर. पायांसाठी असलेली मोकळी जागा नव्हे. त्या अंतरातच सीटच्या पाठीची जाडीही येते. साध्या इकॉनॉमीत पिच २८ ते ३२ इंच असतो, जास्त पैशांच्या सीटला साधारण ३४-३६. आता ३० मधून सीटच्या पाठीची जाडी वजा करा आणि माझे २६ त्यात बसवून बघा. बसतात, पण फक्त पुढचा माणूस ताठ बसून राहिला तर. त्यानं सीट मागे केली की माझा गुडघा त्याच्या कण्याचा भाग होतो.

आमच्या लहानपणी जागा धरायला रुमाल पुरायचा. एसटी स्टँडात शिरायच्या आधीच खिडकीतून रुमाल टाकायचा, आणि मग त्या रुमालाच्या मालकीवरून कराडपासून उंब्रजपर्यंत भांडायचं. आता रुमालाच्या जागी कार्ड आहे. भांडण मात्र गेलेलं नाही. २०१४ साली अमेरिकेत एका प्रवाशानं पुढची सीट मागेच येऊ नये म्हणून ट्रेला प्लास्टिकचे अडकणे लावले होते. पुढच्या बाईंनी त्याच्या अंगावर पाणी फेकलं आणि विमान मध्येच शिकागोला उतरवावं लागलं. गंमत म्हणजे दोघेही जास्त लेगरूमच्या, पैसे भरून घ्यायच्या भागात बसले होते.

माझा स्वतःचा नियम नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ठरला. पुणे-बंगळूरु दीड तास, एक पैसा द्यायचा नाही. एसटीत कोल्हापूरपर्यंत तीन तास तशाच अवस्थेत जाऊन आलेले गुडघे आहेत ते. पाच तासांच्या वर असेल तर मात्र द्यायचेच, तेही न कुरकुरता. मुंबई-फ्रँकफर्ट साधारण नऊ तास. मी ५,८०० रुपये भरतो, म्हणजे तासाला साडेसहाशेच्या आत. पुण्याहून मुंबई विमानतळावर टॅक्सीनं जायला याहून फार कमी लागत नाही, आणि तिथे मी हिशोब करत नाही. माझ्या उंचीच्या कुणी विचारलं तर मी आजही हेच सांगेन: रात्रीचं विमान असेल तर घे. झोप लागते.

इथे एक कबुली देऊन टाकतो. मी ज्या टीममध्ये काम करतो, ती एका प्रवासाच्या साइटसाठी सीट निवडायची स्क्रीन बनवते. हिरवे चौकोन, निळे चौकोन, वर किंमत. खाली 'सीट न निवडता पुढे जा' असं एक बटण असतं. आम्ही ते दोन प्रकारे करून पाहिलं होतं, एकदा ठळक आणि एकदा फिकट राखाडी. कुठलं ठेवलं ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्हीही ते शोधलेलं आहे. तेव्हा मला या धंद्यातलं काही कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

गेल्या वर्षी ताईचं बाळंतपण झालं. आई आधीच जर्मनीला गेली होती. बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर मी आप्पांना घेऊन जायचं आणि येताना तिघांनी परत यायचं असं ठरलं. आप्पा एसटीत कंडक्टर होते, एकतीस वर्षं. कंडक्टरला सीट असते, पण ती पाटी लिहिण्यापुरती. बाकी नोकरी उभ्यानं, तीही हलत्या गाडीत, एका हातानं बार आणि दुसऱ्या हातानं तिकीट. त्यात डावा गुडघा गेला. डॉक्टर सांध्याची झीज म्हणतात, आप्पा 'घाट' म्हणतात.

मी ठरवलं, आप्पांना ऐसपैस न्यायचं. दारापाशी, इमर्जन्सी एक्झिटला लागून असलेल्या रांगेतल्या दोन सीट घेतल्या. ११,६०० रुपये. पुढे सीटच नाही, नुसती जमीन. बुकिंग करताना एक खिडकी उघडली, तिच्यात बारीक अक्षरांत काहीतरी होतं आणि खाली चौकट. मी दिवसभर लोकांसाठी अशाच चौकटी बनवतो, त्यामुळे मी त्या वाचत नाही. टिक केलं. माझ्यासाठी एकदा, आप्पांसाठी एकदा.

विमानात आप्पा बसले आणि त्यांनी समोरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. "आरं, इथं तर अजून एक बाकडं बसंल," म्हणाले. मी खूश. मग एअर होस्टेस आली. तिनं आधी मला विचारलं, मग आप्पांकडे वळून इंग्रजीत विचारलं की गरज पडली तर दार उघडायला मदत कराल का. आप्पा हसले. तिनं पुन्हा विचारलं. मी मराठीत सांगायला लागलो, तेवढ्यात तिची नजर आप्पांच्या पँटवरून दिसणाऱ्या गुडघ्याच्या पट्ट्यावर आणि मांडीवरच्या काठीवर गेली. ती अगदी नम्रपणे म्हणाली की यांना इथे बसता येणार नाही.

मी वाद घातला. पैसे भरलेत, बुकिंगनं अडवलं नाही, वगैरे. ती म्हणाली, बुकिंगच्या वेळी तुम्ही अट मान्य केलीय. विमान भरलेलं होतं. मागे अडतिसाव्या रांगेत मधली एक सीट रिकामी होती. आप्पांना भाषा कळत नसली तरी प्रवाशाला उठवतायत हे कळलं. एकतीस वर्षं लोकांना राखीव सीटवरून उठवलेला माणूस. एक शब्द न बोलता उठले, काठी घेतली आणि तिच्यामागून गेले.

मी मागे गेलो, नाही असं नाही. म्हटलं, मी इथे बसतो, तुमच्या शेजारच्याला पुढे पाठवू, काहीतरी करू. आप्पा म्हणाले, "बस जा तू. माझं पाय खाली टेकत न्हाईत, मला कशाला पायाला जागा? तुझं पाय केवढं!" मी अजून एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना माझ्या आवाजात जोर कमी होता, हे मला तेव्हाही कळत होतं. मी परत येऊन बसलो. जेवलो, पाय लांब केले आणि सहा तास झोपलो. इतकी छान झोप मला कुठल्याही विमानात लागलेली नाही.

फ्रँकफर्टला मी अडतिसाव्या रांगेपर्यंत उलटा गेलो, तर लोक बाहेर पडत होते आणि आप्पा बसूनच होते. गुडघा आखडला होता. शेजारी कडेला बसलेला मुलगा रात्रभर झोपला होता, त्याला उठवायला नको म्हणून आप्पा नऊ तासांत एकदाही उठले नव्हते. उठावं लागू नये म्हणून पाणीही प्यायले नव्हते. पुढच्या सीटची पाठ धरून उभं राहायला त्यांना तीन वेळा प्रयत्न करावा लागला. विमानातून शेवटी उतरलेले प्रवासी आम्ही. ताईच्या घरी पोचल्यावर तिनं मोजा काढून अंगठ्यानं पाऊल दाबलं, तर खड्डा पडला. दुसऱ्या दिवशी सूज उतरली. पण ती माझ्याशी दोन दिवस नीट बोलली नाही.

त्या दोन दिवसांत मी ती बारीक अक्षरं वाचली, आणि बरंच काही वाचलं. २२ ऑगस्ट १९८५ ला मँचेस्टरला उड्डाणासाठी धावत असलेल्या बोइंग ७३७ चं इंजिन फुटलं, आग लागली. विमान धावपट्टीवरच थांबलं होतं, तरी ५५ माणसं गेली, बहुतेक धुरानं. पंखावरच्या दाराला खेटून सीट होत्या, ते दार उघडायला वेळ लागला, माणसं तिथे अडकली. त्यानंतर अशा दारांपाशी किती वाट मोकळी ठेवायची याचे नियम कडक झाले. नव्या विमानाला परवाना मिळण्यासाठी निम्मी दारं बंद धरून सगळ्यांना ९० सेकंदांत बाहेर काढता येतं हे दाखवावं लागतं. म्हणजे मी ११,६०० रुपयांना जी जागा घेतली, ती मुळात पळायची वाट. ती कुणाच्या पायांसाठी सोडलेली नाही. सोडावीच लागते, म्हणून मग विकली जाते. पैसे परत मिळाले नाहीत. त्या बाईंचं बरोबर होतं.

दुसरी गोष्ट कळली ती उंचीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका संशोधन प्रकल्पाचा २००७ चा अहवाल आहे: चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केला की शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. असा प्रवास केल्यावरही एकूण धोका कमीच, म्हणजे साधारण सहा हजारांत एकाला, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण त्या अभ्यासात दोन प्रकारच्या लोकांना धोका जास्त दिसला. एक, १९० सेंटीमीटरहून उंच. मी दोन सेंटीमीटरनं हुकलो. दुसरे, १६० हून कमी उंचीचे. बुटक्या माणसाचे पाय लोंबतात आणि सीटची कड गुडघ्यामागे रुतते. आप्पा ५ फूट २ आहेत. "माझं पाय टेकत न्हाईत" ही मी चेष्टा समजलो होतो.

मग मी त्यांना पहिल्यांदा विचारलं की तुम्हाला बसायला कसं बरं वाटतं. हे बुकिंगच्या आधी विचारायला हवं होतं, पण मी स्वतःचे २६ इंच घेऊन त्यांच्यासाठी सीट शोधत होतो. ते म्हणाले, एक पाय वर घेऊन, अर्धी मांडी. घरी खुर्चीतही ते तसेच बसतात. आता दारापाशीच्या सीटचा प्रश्न बघा. पुढे सीट नाही, म्हणून ट्रे आणि टीव्ही हाताच्या दांड्यात कोंबलेले. त्यामुळे तो दांडा जाड आणि वर उचलता न येणारा, सीट उलट थोडी अरुंदच. पाय पुढे हवा तेवढा जातो, वर घ्यायला जागा नाही. उड्डाणाच्या वेळी पिशवी पायाशी ठेवू देत नाहीत, तीही वर टाकायची, म्हणजे लोंबत्या पायांखाली घ्यायलाही काही नाही. आणि टॉयलेटची रांग तुमच्या पुढ्यात उभी. माझ्यासाठी स्वर्ग असलेली सीट त्यांना तशी काही कामाची नव्हतीच.

२००० साली अमेरिकन एअरलाइन्सनं इकॉनॉमीतल्या काही रांगा काढून सगळ्यांनाच जास्त जागा देऊन पाहिली होती. काही वर्षांत त्या रांगा परत बसवल्या. तेव्हापासून जागा हवी त्यानं वेगळे पैसे द्यावेत हीच रीत पक्की झाली. मी देतो, आणि त्यावर माझं पोटही भरतं. पण त्या नकाशात रंगवलेल्या चौकोनांत 'कडेची, म्हणजे कुणाला न उठवता उठता येईल अशी' या गोष्टीला वेगळा रंग नाही. आमच्या स्क्रीनवरही नाही. पुण्याला आल्यावर मीटिंगमध्ये मी हे बोललो. चांगली सूचना म्हणून ती यादीत टाकली आहे, यादी लांब आहे.

परतीला आप्पांसाठी मागची साधी सीट घेतली, कडेची, डाव्या बाजूची, म्हणजे डावा पाय बोळात लांब करता येईल अशी. हिशोब केला होता. प्रत्यक्षात आत गेल्यावर लक्षात आलं की डाव्या बाजूच्या सीटचा बोळ माणसाच्या उजव्या हाताला येतो. चार वर्षं इंजिनिअरिंग. आई म्हणाली, राहू दे, हे मधे पाय घेतील माझ्याकडे. तिच्या आणि आप्पांच्या मधला दांडा वर गेला, आप्पांनी डावा पाय अर्धा वर घेतला, उजव्या पायाखाली आईची पिशवी सरकवली. ताईनं घट्ट मोजे दिले होते आणि तासातासाला उठायची ताकीद.

माझ्यासाठी मी पुन्हा दारापाशीचीच घेतली. आप्पांनीच घ्यायला लावली, असं मी आईला सांगितलं. ते खरंही आहे.

तीनएक तासांनी दिवे मंद झाले होते, मला डुलकी लागत होती, तेव्हा समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं. आप्पा. काठी न घेताच आले होते. एका हातानं भिंतीचा कठडा धरलेला, पाय थोडे फाकवलेले, अगदी घाटातल्या गाडीत उभे राहायचे तसे. मी उठायला लागलो, तर म्हणाले, "बस, बस. उभं ऱ्हायलं की दुखत न्हाई. बसलं की आखडतोय त्यो."

माझ्या ५,८०० रुपयांच्या जागेत ते वीस मिनिटं उभे होते. बाळ कुणावर गेलंय याची चर्चा झाली. टॉयलेटची रांग वाढत वाढत आमच्यापर्यंत आली आणि दोन उंच जर्मन माणसं आणि एक मुलगी बोळाच्या तोंडाशीच अडून उभी राहिली, मागच्यांना येता येईना. आप्पांनी थोडा वेळ बघितलं. मग मोकळा हात हलवत, हळूच, पण त्या जुन्या सुरात म्हणाले, "चला, पुढं सरका. पुढं जागा हाय."

तिघंही पुढे सरकली.